राखाडी खोक्यांचं बेलापूर

कॉलेजच्या गेम प्रोजेक्टमध्ये लेव्हल डिझाइन, म्हणजे खेळाची जागा आणि तिच्यातल्या वाटा-अडथळे आखायचं काम, सहसा ज्याला कोडही फारसं जमत नाही आणि चित्रही काढता येत नाही, त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या गळ्यात ते असंच पडलं. यंदा ज्यांच्या गळ्यात पडेल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचा गेम असा : संक्रांतीच्या दिवसांत कटलेल्या पतंगामागे कौलं, कठडे, गल्ल्या ओलांडत पळणारा मुलगा. टीम चौघांची, इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) युनिटी, कॅमेरा मुलाच्या पाठीमागे. जागा निवडली नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, कारण आम्ही सगळे हार्बर आणि ट्रान्स-हार्बरवाले. वाटलं की लोकलने जाऊन मापं घेता येतात. ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखली. सात घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक साधारण ८ बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून १२ बाय १२ चा मधला चौक, आणि तसे तीन मिळून २० बाय २० चा मोठा. मधून पावसाळी ओढा, मागे डोंगर. आज बरीच घरं पाडून उंच बांधली आहेत, पण चौकांची ही उतरंड अजून पायाखाली कळते. लेव्हल डिझायनरला आयतं घबाडच म्हणायचं.

पण खरी मापं गेममध्ये चालत नाहीत. आमचा मुलगा सेकंदाला ६ मीटर धावतो. ८ मीटरचा चौक ओलांडायला त्याला दीड सेकंदही लागत नाही. कॅमेरा त्याच्या मागे तीन-चार मीटर असतो, म्हणजे चौकात शिरताना तो अजून गल्लीतच, भिंतीत डोकं खुपसून. प्रत्यक्षात ऐसपैस वाटणारा चौक पडद्यावर खुराडं होतो. आम्ही चौक १२, १८ आणि ३० मीटरचे केले. गुणोत्तर कोरिआंचंच ठेवलं, त्यामुळे छोट्यातून मोठ्यात गेल्याची जाणीव टिकली. घरांची उंची मात्र जवळपास खरी ठेवा, नाहीतर पात्र मुंगीएवढं दिसतं. दारांचं गणित वेगळं. युनिटीचा कॅरेक्टर कंट्रोलर, म्हणजे पात्राला हलवणारा आणि भिंतींना अडवणारा अदृश्य साचा, मुळात २ मीटर उंच आणि १ मीटर रुंद असतो. घराचं मीटरभराचं दार त्याला पुरत नाही. दीड मीटरच्या आत दार काढूच नका, आणि ज्यातून पळत जायचं ते दोन मीटरचं करा.

हे सगळं राखाडी खोक्यांत, म्हणजे रंग-नक्षी नसलेल्या साध्या ठोकळ्यांच्या कच्च्या लेव्हलमध्ये, ठरवायचं असतं. असे ठोकळे रचायला युनिटीत प्रोबिल्डर आहे, गोडो या दुसऱ्या इंजिनमध्ये सीएसजी नोड आहेत, दोन्ही फुकट. लॅबच्या रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवरही नुसती खोकी धावतात, हा आणखी एक फायदा. त्याही आधी चौकटीची वही घ्या आणि एक चौकट म्हणजे दोन मीटर धरून वरून नकाशा काढा. ट्रेनमध्ये उभ्यानेही जमतं. आर्टवाला मित्र मागे लागेल, ‘कौलं बनवून ठेवलीत, लाव ना एकदा.’ लावू नका. कौलं लागली की ते घर हलवायला कुणाचा हात धजत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो उडीच्या मापांना. वेग सेकंदाला ६ मीटर आणि हवेतला वेळ ०.७ सेकंद, म्हणजे सपाटीवरची उडी ४.२ मीटरची. पण ४.२ ची फट ठेवली तर कुणीच पार करत नाही, कारण माणूस कडेला पोचण्याआधीच बटण दाबतो. आमच्याकडे सोपी फट २.५ ची, नेहमीची ३ ची आणि अवघड ३.६ ची होती. उडीची उंची १.२ मीटर, म्हणून चढायचे कठडे १ मीटरचे आणि न चढायच्या भिंती थेट २ मीटरच्या. मधलं माप, म्हणजे दीड मीटर वगैरे, टाळाच. ते बघून खेळणाऱ्याला वाटतं की जमेल, आणि तो तिथेच उड्या मारत बसतो.

ही मापं एका वेगळ्या सीनमध्ये (युनिटीत लेव्हल किंवा तिचा तुकडा ठेवायची फाइल) ओळीने मांडून ठेवा, सगळ्या फटी आणि सगळ्या उंच्या. कोडवाल्याने काही बदललं की आधी तिथे पळून बघायचं. आमचा कोडवाला एकदा सहज म्हणाला, ‘अरे, स्पीड फक्त सात केलाय, बरं वाटतं.’ बरं वाटतच होतं. पण उडी ४.९ मीटरची झाली आणि अवघड फटी लहान पोरांच्या झाल्या. वेग आणि गुरुत्वाकर्षण ठरलं की फळ्यावर लिहा, आणि मग चौघांना विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

वाट दाखवायला बाण लावायची गरज क्वचितच पडते. आमच्याकडे पतंग होता. तो छपरांच्या वर दिसत राहील अशी घरांची उंची ठेवली, आणि जिथे तो लपणार तिथे गल्लीच्या टोकाला ओढ्याकडचा उजेड. नवी गोष्ट शिकवताना पहिली फट बुटक्या कठड्यांमध्ये, पडलं तरी काही बिघडत नाही अशी. तीच फट पुढे छपरावर. कुत्र्यासारखा अडथळा त्यानंतर.

प्लेटेस्टला, म्हणजे गेम खेळवून बघायला, टीममधलं कुणी नको. ज्युनिअर, मेसमधला कुणी, चुलतभाऊ, कुणीही चालेल. कंट्रोलर हातात द्या, ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर स्क्रीन रेकॉर्ड करा आणि तोंड बंद ठेवा. हे शेवटचं फार कठीण आहे. तो कुठे थांबला, कुठे मागे वळला, कुठे पडला, एवढंच लिहायचं. आमच्या एका चौकात तुळशीवृंदावन होतं, नुसतं शोभेसाठी, पायऱ्यापायऱ्यांचं. एक पोरगा आला आणि त्यावर चढायचाच प्रयत्न करत राहिला. शिवाय तिथून पतंगही छान दिसत होता. त्याचं बरोबरच होतं. पायरीसारखं दिसलं की पाय जाणारच. आम्ही वृंदावन भिंतीलगत सरकवलं आणि त्या जागी खरोखर चढता येईल असा पार बांधला, जिथून पुढचं छप्पर गाठता येतं. त्यानंतर तो चौक आमचा सगळ्यात आवडता झाला.

फाइलींतले बदल सांभाळणाऱ्या गिटबद्दल थोडक्यात : एका सीनवर दोघांनी काम केलं की दोघांचे बदल मर्ज (एकत्र) करताना रडायची वेळ येते. प्रत्येक चौकाचा वेगळा सीन करा, तो एकाच्याच नावावर ठेवा, आणि खेळताना सगळे एकत्र लोड करा. गिटचं काम ऑनलाइन ठेवायची साइट गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, त्यामुळे जड असेट्ससाठी (चित्रं, मॉडेल, आवाज) एलएफएस ही गिटची मोठ्या फाइलींची सोय पहिल्याच दिवशी लावा. सबमिशनच्या आदल्या रात्री नको.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, बहुधा डेटाबेस नाहीतर नेटवर्किंगवाले असतात. त्यांना वहीतला नकाशा दाखवा, पटकन कळतो. नोकरीसाठी दाखवायचं असेल तर तीच धाव राखाडी खोक्यांत आणि तयार लेव्हलमध्ये शेजारी शेजारी दिसेल असा एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ करा, सोबत वरून काढलेला नकाशा, आणि काय बदललं, कोणाला खेळताना बघून बदललं, याच्या चार ओळी. गेम इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवर ब्राउझरमध्येच चालेल असा टाका. अनोळखी माणसाची झिप फाइल उतरवून खेळायला कुणाला सवड नसते.