संदिग्ध लायसन्स: लेखकाला विचारण्याआधीची तयारी

दुसऱ्याचा ओपन सोर्स कोड आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना त्याच्या रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) नुसतं 'जीपीएल' (मुक्त सॉफ्टवेअरचं एक लायसन्स), लायसन्स फाइलमध्ये आवृत्ती ३ चा मजकूर आणि सोर्स फाइलींच्या माथ्यावर काहीच नाही, असं दिसलं की आपल्या यादीत अंदाजाने लायसन्सची नोंद भरू नका. खुलासा करण्याचा हक्क कॉपीराइटधारकाचा. त्याला एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न तयार करणं, एवढंच आपलं काम.

आधी सगळ्या नोंदी एका जागी आणा: लायसन्स फाइल, रीडमी, प्रत्येक फाइलचा हेडर (माथ्यावरचा मजकूर), पॅकेजच्या मेटाडेटातली (माहितीच्या फाइलमधली) लायसन्सची ओळ. शब्द जसेच्या तसे उतरवा, शेजारी फाइलचा पाथ आणि कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) लिहा. स्कॅनकोड किंवा फॉसॉलॉजी ही लायसन्स तपासणारी साधनं शोधायला मदत करतात, पण त्यांनी दाखवलेली प्रत्येक विसंगती स्वतः उघडून वाचा. दुसऱ्या प्रकल्पातून उचललेल्या फाइली वेगळ्या काढा. त्यांचं लायसन्स वेगळं असू शकतं.

सर्वांत जास्त वेळ आवृत्तीवर द्या. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ची, तिसरी २००७ची. 'फक्त २' आणि '२ किंवा नंतरची' यांत फार मोठं अंतर आहे: जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचे २.० या दुसऱ्या लायसन्सखालचा कोड 'फक्त २' सोबत जोडता येत नाही, 'किंवा नंतरची' असेल तर आवृत्ती ३ निवडून जोडता येतो. आवृत्तीचा आकडा प्रोग्रॅममध्ये कुठेच दिलेला नसेल, तर प्रसिद्ध झालेली कोणतीही आवृत्ती निवडण्याची मुभा जीपीएलचा मजकूरच देतो. मात्र सोबत ठेवलेली लायसन्स फाइल म्हणजे आकडा दिला असं मानायचं का, यावर वाद होतो. म्हणून हे विचारूनच घ्यावं. लायसन्सना ठरावीक छोटी नावं देणाऱ्या एसपीडीएक्स या मानकाने नुसतं 'जीपीएल-२.०' हे जुनं चिन्ह बाद केलं, कारण त्यातून 'फक्त' की 'किंवा नंतरची' हे कळत नव्हतं.

'बीएसडी' (बर्कलीच्या विद्यापीठातून आलेलं लायसन्स) एवढाच शब्द असेल तर कलमं दोन, तीन की चार हे विचारा. चार कलमांतली जाहिरातीची अट (जाहिरातीत मूळ लेखकाचा उल्लेख करण्याची) बर्कलीच्या विद्यापीठाने १९९९ साली स्वतःच्या कोडपुरती मागे घेतली. इतरांच्या कोडवर ती अजून लागू असू शकते.

मग गिटमधला (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला) इतिहास पाहा. लायसन्स कधी बदललं आणि त्याआधी कोणी किती कोड लिहिला? हक्क प्रत्येकाने स्वतःकडेच ठेवले असतील, तर मुख्य लेखकाचा होकार त्याच्या स्वतःच्या ओळींपुरताच चालतो. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि नंतर नडते.

प्रश्न प्रकल्पाच्या इश्यूमध्ये (शंका नोंदवायच्या जाहीर जागेत), सर्वांना दिसेल असा टाका. विसंगती दाखवा, दोन-तीन नेमके पर्याय द्या, आणि दुरुस्तीचा कमिट लेखकानेच करावा अशी विनंती करा. खाजगी मेलमधलं 'हो, चालेल' पुढच्या वापरकर्त्याच्या उपयोगाचं नाही.

जुनी कॉपीराइट सूचना पुसू नका. एमआयटी आणि बीएसडी या दोन्ही लायसन्सांत ती जपण्याची अट आहे. उत्तर येईपर्यंत आपल्या यादीत त्या फाइलपुढे 'निश्चित नाही' असं लिहा आणि ती रिलीजमधून बाहेर ठेवा.