मसाई पठाराला जायचंय? मग शनिवारी चारला सायकल अंगणात घ्या

रविवारी पहाटे साडेपाचला कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर जमायचं, तिथून केर्ली, वाघबीळ, पन्हाळा आणि पुढं मसाई पठार. शहरापासून पन्हाळ्यापर्यंतच वीस किलोमीटर, त्यात शेवटचा टप्पा सगळा चढाचा. म्हणून सायकल शनिवारी दुपारी चारलाच अंगणात काढायची. रात्री जेवून झाल्यावर बसलात आणि एखादी केबल तुटकी निघाली, तर तोवर दुकानांची शटरं पडलेली असतात.

आधी धुवा, पण बादली, चमचाभर शाम्पू आणि जुना ब्रश एवढ्यावरच. मागं एकदा खंडेनवमीला मी हौसेनं सायकल गाड्या धुतात तिथं नेली, जोराच्या फवाऱ्यानं चकाचक केली, झेंडूचा हार घातला. आठ दिवसांत पेडल मारलं की खालनं चुरचुर आवाज. बीबी, म्हणजे पेडलचा मधला दांडा ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग, उघडली तर ग्रीसच्या जागी लालसर काला आणि गंजायला लागलेले छर्रे. चूक माझीच होती. फवारा हबवर, हँडलच्या बेअरिंगवर आणि बीबीवर मारायचाच नाही.

मग चेन. बाकी काही राहिलं तरी चालेल, ही राहता कामा नये. उद्यमनगरात फिटरच्या खिशात असते तसली बारा इंची स्टीलची पट्टी घ्या. चेन ताणून धरा आणि पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. ती पिन धरून पंचविसावी पिन बरोबर १२ इंचांवर आली, तर चेन नव्यासारखी आहे. ती अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढं गेली असेल, तर गिअरच्या सायकलची चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण एक सूत पुढं गेली, तर मागच्या दातांनीही त्या चेनचा आकार घेतलेला असतो. मग नवी चेन टाकली तरी चढावर जोर दिला की ती दातांवरनं उडते आणि गुडघा हँडलवर आपटतो. शंभर रुपये वाचवायला गेलेल्या माणसाला कॅसेट, म्हणजे मागच्या दातांच्या चकत्यांचा गठ्ठा, पण घ्यावी लागते ती अशी.

तेल शनिवारीच का, तर त्याला आत मुरायला रात्र मिळते. प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूनं एक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, आणि झोपायच्या आधी फडक्यानं बाहेरून चेन कोरडी होईस्तोवर पुसायची. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. मोटारसायकलचं जुनं काळं ऑइल टाकू नका. पठारावरच्या तांबड्या मातीत त्याची पेस्ट होते आणि ती पॉलिश पेपरसारखी दात खाते.

बिनगिअरच्या सायकलीत काय बघायचं असतं, असं माझा भाचा म्हणतो. त्याची तसलीच आहे. "मामा, तुमच्यात बिघडायला लई कायकाय आहे," हे त्याचं आवडतं वाक्य. खरं आहे, पण त्याच्या सायकलीत चेनचा ताण धरायला डिरेलर (गिअर टाकला की मागं चेन सरकवतो तो भाग) नाही, तो आपणच बघायचा. चेन मधोमध बोटानं वर-खाली केली तर साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. एका जागी बघून उठू नका. पुढची चकती अगदी गोल नसते, त्यामुळं पेडल फिरवत गेलं की चेन कुठं सैल तर कुठं ताठ लागते. जिथं सगळ्यात ताठ लागेल तिथं अर्धा इंच ठेवा. मागचं चाक ओढल्यावर नट एकदा डावा, एकदा उजवा असे थोडे थोडे आवळा, नाहीतर चाक तिरकं बसतं. चाक सरकलं की ब्रेकही पुन्हा लावावा लागतो, हे हमखास विसरतं.

चेनला क्लिपचा जोड असेल तर क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं.

त्याच सायकलीचा दुसरा प्रश्न दातांचा. पुढं ३२ आणि मागं १६ दात म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरतं. सव्वीस इंची चाकाला हे चार मीटरच्या वर जातं. रंकाळ्याला चकरा मारायला झकास, पण वाघबीळच्या चढाला गुडघ्याची परीक्षा. मागं २० दातांचं फ्रीव्हील बसवलं की तेच अंतर साडेतीन मीटरच्या आत येतं. चाक त्यासाठी थोडं पुढं घ्यावं लागेल, तेवढी जागा फ्रेममध्ये आहे का ते आधी बघा. गिअरवाल्याकडं पुढं २२, मागं ३४ असेल तर एका फेरीत सव्वा मीटरच्या जरासं वर, म्हणजे बसल्या बसल्या गप्पा मारत चढायचं. म्हणून चढावर बिनगिअरवाल्याला पुढं जाऊ द्या. त्याला हळू चालवणं परवडत नाही. वेग मेला की तो उतरलाच.

गिअरच्या सायकलीला एक एक गिअर टाकून ऐका. चेन मोठ्या दातांवर चढायला कुरकुर करत असेल तर डिरेलरच्या मागची केबलची गोल चकरी बाहेर निघेल अशी अर्धा फेरा फिरवा, पुन्हा बघा. ज्या दोन बारक्या स्क्रूंनी चेनची हद्द ठरते, त्यांना शनिवारी संध्याकाळी हात लावू नका. त्यातला एक चुकला तर चेन थेट आऱ्यांत जाते. मागनं बघितल्यावर डिरेलर आत वाकल्यासारखा दिसला, तर तो ज्याला लटकवलाय तो तुकडा वाकलाय. मग कितीही केबल ओढा, गिअर बसणार नाहीत. स्वस्तातली एकवीस गिअरची सायकल घेण्यापेक्षा चांगली बिनगिअरची घ्यावी, असं माझं मत त्यातूनच झालंय.

ब्रेकपॅड एक मिलिमीटरवर आले असतील तर पन्हाळा उतरायचा नाही. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. वरपासून खालपर्यंत नुसता मागचा धरून ठेवला तर तो तापतो. डिस्कला तेलाचा हात लावू नका.

टायरमध्ये आतून बोट फिरवा, बाभळीचा मोडका काटा तिथंच दडलेला असतो. ट्यूब असलेल्या सव्वादोन इंची टायरला डांबरावर ४० पीएसआयपर्यंत हवा, पठारावर ती ३० च्या आसपास उतरवायची. म्हणजे परत भरायला पंप आलाच. पिशवीत एक ट्यूब, लिव्हर, पॅच, चेन तोडायचं हत्यार, ४-५-६ च्या अ‍ॅलन की आणि बिनगिअरवाल्यानं मागच्या नटाचा पाना. सोल्यूशनची ट्यूब दाबून बघा, एकदा उघडली की ती सहा महिन्यांत वाळते. पाणी माणशी दोन लिटर, वर सावली नाही. गूळ-शेंगदाणे.

पावसाळ्यात जाणार असाल तर आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि महापुरात केर्लीकडचा रस्ता पाण्याखाली जातो. ऊस सुरू झाल्यावर जात असाल तर मागचा लाल दिवा चार्ज करा. पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, निदान आपला तरी दिसू दे. पठारावर फुलांतून सायकल घालू नका, पायवाट आहे.

सगळं झालं की सायकल चार इंच उचलून दोन्ही चाकांवर सोडा. रबराचाच आवाज आला पाहिजे. काही खुळखुळलं तर शोधा, आणि हे घरचे झोपायच्या आत करा.