जुन्या युद्धनौकेची कारकीर्द लिहायची कशी

जहाजांचा इतिहास लिहायला शिकणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, पहिल्यांदा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली एखादी टॉर्पेडो गनबोट घ्या. मोठ्या युद्धनौकांवर भरपूर लिहून झालंय. या लहान नौकांच्या वाट्याला संदर्भग्रंथात चारच ओळी येतात: कुठे बांधली, पाण्यात कधी सोडली, तोफा किती, शेवट कसा झाला. मधली वीस-पंचवीस वर्षं कोरी. त्या वर्षांत तिच्यावर शंभरेक माणसं राहत होती, कोळसा ओढत होती, पहारे देत होती. ती वर्षं भरून काढणं हेच आपलं काम आहे, आणि त्यातलं बरंचसं पुण्यात घरी बसून होतं.

मी लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकलो आणि पुढे नोकरीभर स्टीमच्या जहाजांवर बॉयलर सांभाळले. त्यामुळे कुठल्याही जहाजाकडे मी खालून वर बघतो. तुम्हीही तसंच बघा, कारण या नौकांचं नशीब बॉयलर रूममध्येच ठरलं.

आधी नौका कशासाठी बांधली ते नीट समजून घ्या. रॉबर्ट व्हाइटहेडने 1866 मध्ये फ्युमे इथे स्वतःच्या बळावर पाण्याखालून धावणारा टॉर्पेडो तयार केला. पुढच्या वीस वर्षांत फ्रान्स, रशिया सगळ्यांनी टॉर्पेडो डागणाऱ्या छोट्या चपळ बोटी बांधल्या आणि लाखो पौंडांच्या चिलखती नौकांना धोका निर्माण झाला. या बोटींना पकडायला ब्रिटिशांनी टॉर्पेडो गनबोट काढली. पहिली 'रॅटलस्नेक', 1886 ची, जेमतेम 550 टनांची. पकडायला मात्र वेग लागतो. या नौकांचा वेग 18-19 नॉटच्या आसपास राहिला, आणि शिकार त्याहून वेगाने पळत होती.

कारण बॉयलर. जागा वाचवायला रेल्वे इंजिनाच्या धाटणीचे बॉयलर बसवले आणि पंख्यांनी हवा कोंडून आग भडकवली. अशा बॉयलरमध्ये नळ्यांची टोकं ट्यूब प्लेटमध्ये, म्हणजे भोकं पाडलेल्या जाड पत्र्यात, फुगवून बसवलेली असतात. आग पूर्ण भरात असताना कोळसा टाकायला दार उघडलं की गार हवेचा झोत थेट प्लेटवर जातो, धातू आकसतो, नळ्यांच्या टोकांतून पाणी गळायला लागतं. ते पाणी आगीवर पडतं, वाफ कमी होते, वेग उतरतो. यांतल्याच 'शार्पशूटर'वर पुढे बेलव्हिलचे पाण्याच्या नळ्यांचे बॉयलर बसवून पाहिले, 'स्पीडी'ला थॉर्निक्रॉफ्टचे दिले. म्हणून तुमच्या नौकेचे बॉयलर कधी बदलले, हे वहीत सर्वांत आधी शोधून लिहा. नौका महिनोन् महिने गोदीत का पडून होती, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे सापडतं.

वही म्हणजे लांब रजिस्टर. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. चार रकाने आखा: तारीख, ठिकाण, घटना, माहिती कुठून मिळाली. चौथा रकाना रिकामा असेल तर ती ओळ पक्की धरू नका. कील म्हणजे तळाचा कणा ठेवल्याची, पाण्यात सोडल्याची, बांधणी पूर्ण झाल्याची आणि कमिशन झाल्याची म्हणजे सेवेत घेतल्याची, अशा चार वेगवेगळ्या तारखा असतात. चारही ओळी स्वतंत्र ठेवा.

आता उदाहरण घेऊ 'हॅझर्ड'चं. पेम्ब्रोक गोदीत बांधली, 1894 मध्ये पाण्यात सोडली. 1,070 टन, 250 फूट लांब, 4.7 इंची दोन तोफा, 18 इंची टॉर्पेडोंच्या पाच नळ्या, 120 माणसं. याच ओळीखाली दुसरी एक तारीख लिहा: 1893 मध्ये 'हॅवॉक' ही टॉर्पेडो बोटींना पकडण्यासाठीच बांधलेली पहिली विनाशिका (डिस्ट्रॉयर) 26 नॉटने धावली होती. म्हणजे 'हॅझर्ड' पाण्यात उतरायच्या आधीच तिचं मूळ काम दुसऱ्याकडे गेलं होतं. बहुतेक लेखक इथे 'अयशस्वी प्रकार' असा शेरा मारून पुढे जातात. मला ते अजिबात पटत नाही. नेमकं काम गेल्यावर नौकेला काय काय करायला लावलं, यातच तिची खरी कारकीर्द असते.

त्यासाठी नेव्ही लिस्ट, म्हणजे ब्रिटिश नौदलाची नौका आणि अधिकाऱ्यांची छापील यादी, वाचा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने अंक नेटवर फुकट ठेवलेत. दर तीन महिन्यांचा एक अंक उघडा आणि तुमच्या नौकेच्या नावाखाली कोण कोण अधिकारी आहेत, त्यांच्या नेमणुकीची तारीख काय, नौका कुठे कमिशन झाली, एवढं उतरवा. कॅप्टन बदलला की बहुधा कामही बदललेलं असतं. अधिकाऱ्यांची नावं दिसेनाशी झाली की नौका राखीव ताफ्यात गेली असं समजा आणि पुढच्या अंकात पडताळा. काम कंटाळवाणं आहे, पण नौका त्यातूनच हळूहळू उभी राहते.

'हॅझर्ड' 1901 मध्ये पाणबुड्यांची मातृनौका झाली, जगातली पहिली. ब्रिटनच्या पहिल्या हॉलंड पाणबुड्यांवर झोपायला जागा नव्हती, दुरुस्तीची सोय नव्हती. ते सगळं या जुन्या गनबोटीने पुरवलं. पुढे 2 फेब्रुवारी 1912 ला आइल ऑफ वाइटजवळ तिची 'ए 3' पाणबुडीशी टक्कर झाली आणि पाणबुडीवरचे सगळे 14 जण गेले. ही नोंद करताना घाई करू नका. आणि 28 जानेवारी 1918 ला इंग्लिश खाडीत 'वेस्टर्न ऑस्ट्रेलिया' जहाजाशी टक्कर होऊन 'हॅझर्ड' स्वतः बुडाली.

टक्कर झाली की तीन ठिकाणी बघायचं. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एडीएम 53 या मालिकेत लॉगबुकं आहेत. पैसे भरून प्रती मागवता येतात. लॉगच्या पानावर तासागणिक वारा, हवामान, वायुभारमापक आणि मार्ग असतो. हवामान एका अक्षरात लिहितात: 'बी' म्हणजे निरभ्र, 'ओ' म्हणजे भरून आलेलं, 'एफ' म्हणजे धुकं. तेवढं एक अक्षर पुढचा अख्खा परिच्छेद बदलू शकतं. दुसरं, एडीएम 196 मधल्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी. टकरीत दोष कुणाला दिला, हे तिथे कधीकधी एका ओळीत सापडतं. तिसरं, वर्तमानपत्रं. ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट ही जुन्या वर्तमानपत्रांची संकेतस्थळं दोन्ही फुकट आहेत, आणि लंडनहून तारेने गेलेल्या बातम्या त्यांत छापलेल्या असतात. बातमीची तारीख मात्र घटनेची तारीख म्हणून उतरवू नका.

नावाच्या बाबतीत सावध राहा. 'ड्रायड' ही 'हॅझर्ड'चीच बहीण, म्हणजे त्याच आराखड्याची नौका, पण पुढे तेच नाव नौकानयन शिकवणाऱ्या किनाऱ्यावरच्या शाळेला मिळालं, आणि 1918 मध्ये जुन्या नौकेचं नाव 'हॅमाड्रायड' केलं. नावावरून शोध घेतला की दोघांच्या नोंदी एकत्र येतात.

महायुद्धाची वर्षं शेवटी घ्या. तोवर यातल्या बऱ्याच नौका सुरुंग काढायच्या कामाला लागल्या होत्या. 'हॅल्सियन' 3 नोव्हेंबर 1914 ला यारमथसमोर होती, तेव्हा जर्मन बॅटलक्रूझरांचा तोफमारा तिने सोसला. 'नायजर' त्याच महिन्यात डीलजवळ पाणबुडीने बुडवली. 'स्पीडी' त्याआधी सप्टेंबरमध्ये हंबरच्या मुखाशी सुरुंगावर गेली होती. ज्यांना आपण निकामी म्हणत होतो त्यांनी हे काम केलं.

आपल्याकडच्या कुणी घ्यावी अशी एक नौका आहे, 'असई'. हिंदी किनाऱ्यासाठी आर्मस्ट्राँगच्या एल्सविकच्या कारखान्यात 1890 मध्ये दोन टॉर्पेडो गनबोटी पाण्यात सोडल्या, 'असई' आणि 'प्लासी'. असई आपल्या जालना जिल्ह्यातलं. 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या फौजा तिथे इंग्रज सेनापती वेलस्लीशी लढल्या आणि हरल्या. त्या पराभवाचं नाव घेऊन ही नौका आपल्याच समुद्रात फिरली, आणि मराठीत तिच्यावर कुणी बसून लिहावं असं मला मनापासून वाटतं. सुरुवात मुंबईच्या पुराभिलेखागारात करा, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. अर्जात 'मरीन डिपार्टमेंट' आणि 1890 पासूनची वर्षं स्पष्ट लिहा, सोबत ओळखपत्र न्या, आणि टिपणं पेन्सिलीनेच काढा. पहाटेची गाडी पकडलीत तर पूर्ण दिवस मिळतो.