किमोथेरपीत तोंड येऊ नये म्हणून

किमोनंतर साधारण 5 ते 10 दिवसांनी तोंड येतं. काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यायची. उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 1 चहाचा चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा विरघळवा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल असतं. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना अर्धा मिनिट चूळ घोळवून थुंका. चुरचुरलं तर मीठ कमी करा. पाणी रोज नवं.

फाइव्ह-एफयू हे किमोचं औषध शिरेतून झटकन देतात, तेव्हा बर्फासारखा उपाय नाही: 5 मिनिटं आधीपासून अर्धा तास बारीक तुकडे तोंडात घोळवत राहा. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडाच्या आतल्या त्वचेपर्यंत कमी पोचतं. सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन हे किमोचं दुसरं औषध असेल तर बर्फ मुळीच नको, घसा आवळल्यासारखा होतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचाराच.

ब्रश अगदी मऊ घ्या. मिसरी, तंबाखू, ठेचा, अल्कोहोलचं माउथवॉश बंद. लवंगेचं तेल लावू नका, कोवळी त्वचा भाजते. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा मधही नको.

ताप 100.4 अंशांवर गेला किंवा पाणीही गिळवेना, तर रात्र असली तरी रुग्णालयात फोन करा.