धोतर नेसायचं कसं : सगळी मेख कासोट्यात आहे

गणपती जवळ आले की मला फोन यायला लागतात. "काका, दहा मिनिटं येता का? धोतर सुटतंय." कोथरूडातली आमच्या आसपासची तीच चार-पाच घरं. आणि दर घरी कपाटात एक शिवलेलं, इलॅस्टिक घातलेलं 'रेडीमेड धोतर' असतंच. ती विजार आहे. धोतराला शिवण नसते. ते परत कपाटात टाका आणि साधं सुती पान, म्हणजे एका धोतराचं सलग कापड, घ्या.

पान साधारण पाच वारी, म्हणजे साडेचार मीटर. जोडी आणली असेल तर मधोमध कापून दोन पानं करा. (हे लिहावं लागतंय, कारण एका जावईबापूंनी अख्खी जोडी गुंडाळली होती.) एकदा धुऊन खळ काढून टाका. रेशमी कद किंवा मुकटा शिकताना नको, निसटतो. आत आखूड चड्डी.

व्हिडिओ बघणार असाल तर आधी तो कुठल्या प्रांतातला आहे ते बघा. केरळातलं मुंडू नुसतं कमरेला गुंडाळतात, त्याला कासोटा, म्हणजे पायांमधून मागे नेऊन खोचलेला भाग, नाही. तमिळ पंचकच्छम पाच ठिकाणी खोचतात. बंगाली धुतीच्या पुढच्या निऱ्यांचं टोक पंख्यासारखं हातात धरतात. तिन्ही देखणी, पण एकाचं डोकं आणि दुसऱ्याचे पाय जोडलेत तर पूजेच्या मध्यावर पंचाईत होते.

आता गाठ. पान पाठीमागून कमरेला घ्या, उजवी बाजू डावीपेक्षा वीतभर जास्त ठेवा. खालचा काठ घोट्याखाली जात असेल तर वरचा काठ आताच दुमडून घ्या. बेंबीपाशी दोन्हीकडचे वरचे काठ चिमटीत धरून एक घट्ट गाठ. पोट आत ओढून बांधा असं सांगणाऱ्यांना दोन तास सत्यनारायणाला बसवून मग पुरणपोळी वाढावी. श्वास सोडा आणि बांधा, तेवढं पुरतं.

आणि आता कासोटा. माझं धोतर पहिली तीन वर्षं इथेच सुटायचं. डावा सोगा, म्हणजे गाठीच्या डावीकडे उरलेलं मोकळं कापड, टोकाकडून चार-चार बोटांच्या चुण्या घालत गोळा करायचा, काठ वर दिसेल असा. मग पायांमधून मागे न्यायचा, चुण्या सारख्या करायच्या, वर ओढायचा आणि बरोबर पाठीच्या कण्यावर खोचायचा. ऐकायला सोपं आहे. मी हे सगळं आरशासमोर ताठ उभा राहून करायचो. आरशात छान दिसायचं. भाच्याच्या मुंजीत पाटावर मांडी घातली आणि मागचं सगळं सर्रकन बाहेर आलं. उरलेला विधी मी एका हातानं केला, दुसरा हात पाठीमागे.

उपाय सांगितला आजीनं. ती जन्मभर नऊवारी नेसली. नऊवारीचा काष्टा आणि आपला कासोटा, युक्ती एकच. तिनं माझी धडपड दारातून बघितली आणि म्हणाली, "अरे, उभ्यानं काय खोचतोयस? बसशील तेव्हा कापड कुठून आणणार आहेस?"

म्हणजे असं : पाय खांद्यांइतके फाकवा, गुडघे अर्धे वाकवा, खुर्चीवर बसता बसता थांबल्यासारखे. त्या अवस्थेत कासोटा ओढा आणि तिथेच खोचा. उभं राहिल्यावर मागे थोडं ढिलं वाटेल, वाटू द्या. त्या ढिलाईतूनच मांडीला कापड मिळतं. खोचताना टोक नुसतं कडेला अडकवू नका. अंगठ्यानं दाबत वीतभर आत जाऊ द्या. करदोटा असेल तर त्याच्याखालून घ्या, मग हलत नाही. सेफ्टी पिन अजिबात नको. मांडी घालताना ताण येतो आणि पातळ सुतात पिन सरळ फाडत जाते. माझी दोन चांगली नागपुरी पानं अशी गेली.

कापड मागे पुरत नसेल तर ओढाताण करू नका. गाठ सोडा आणि डावी बाजू वाढवून पुन्हा बांधा. पोट सुटलेल्यांना हे हमखास करावं लागतं, मलाही लागतं.

उरलेल्या उजव्या सोग्याच्या वीतभर रुंदीच्या निऱ्या घाला आणि बेंबीखाली खोचा. झालं.

लगेच पूजेला बसू नका. मांडी घाला, हात न टेकता उठा, मग एक पाय स्टुलावर ठेवा. तिन्ही वेळा कासोटा जागेवर राहिला तर तुम्ही पर्वतीच्या १०३ पायऱ्याही चढाल. मी दिवाळीत चढतो. उतरताना निऱ्या पायात येतात, म्हणून त्यांचं खालचं टोक उचलून कमरेला खोचायचं. हाच ओचा.

स्कूटरवर बसतानाही आधी ओचा खोचा, मग सेल मारा. मागे बसणाऱ्यानं सोगा मांडीखाली दाबून धरायचा, चाकाकडे जाऊ द्यायचा नाही. आणि गाडी किकची असेल तर सरळ रिक्षा करा.