विकत घेतलेली डिजिटल गाणी घरच्यांसाठी कशी जपावीत

माझे सासरे, अण्णा, रोज पहाटे साडेपाचला टॅबवर अभंग लावायचे. पेन्शनमधून थोडे थोडे पैसे काढून त्यांनी दोनशेच्या आसपास गाणी विकत घेतली होती. कुठलं गाणं कधी घेतलं, हे एका निळ्या डायरीत तारखेनिशी लिहिलेलं. ते गेल्यावर महिनाभरात आम्ही त्यांचं सिमकार्ड बंद केलं. पुढे टॅब बिघडला, रिसेट करावा लागला आणि खातं उघडायला ओटीपी मागितला गेला. तो जाणार होता त्याच बंद नंबरवर. मदतकेंद्राकडून उत्तर आलं की खातं ज्याच्या नावाचं, त्याच्यापुरतंच असतं. वारसाला मिळत नाही. सासूबाईंच्या हाती डायरी राहिली, गाणी गेली.

दुसऱ्या कुठल्या घरात असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. काम एका दुपारचं आहे. पण ज्यांनी गाणी घेतली, ते स्वतः शेजारी बसलेले असतानाच ते करायला हवं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या

कॅसेट किंवा सीडी घेतली की ती वस्तू आपली. भाच्याला दिली, शेजाऱ्यांना उसनी दिली, तरी कुणी विचारत नाही. डिजिटल गाण्यात हातात वस्तू येतच नाही. बटणावर ‘खरेदी करा’ लिहिलेलं असलं, तरी आपल्याला मिळतो तो ऐकण्याचा परवाना, आणि तोही खातेदाराच्या नावावर. हा शब्द ग्राहकाची दिशाभूल करतो, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना बंधन घातलं आहे की मिळतो तो परवाना आहे, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा नाही. जुनी डिजिटल गाणी पुन्हा विकण्याचा प्रयत्नही तिथे झाला होता. ‘रीडिजी’ नावाच्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात २०१८ साली अपील न्यायालयाने त्याला नकार दिला. फाइल दुसऱ्याकडे पाठवताना नवी प्रत तयार होते आणि ती बेकायदा ठरते, असं न्यायालयाचं म्हणणं.

पायरी १ : भाड्याची गाणी कुठली आणि विकतची कुठली, ते वेगळं करा

घरातल्या प्रत्येकाचा फोन, टॅब, जुना लॅपटॉप समोर घ्या. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, अ‍ॅपल म्युझिक यांवर महिन्याचे पैसे भरून जे ऐकतो, ते भाड्याचं. त्यातलं ‘डाउनलोड’ केलेलं गाणंही आपलं होत नाही. स्पॉटिफायवर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडलं नाही, तर ती डाउनलोड निघून जातात. या गाण्यांच्या नावांची यादी तेवढी लिहून ठेवा आणि पुढे चला.

अ‍ॅपलचं आयट्यून्स स्टोअर, बँडकॅम्प अशा ठिकाणी एकेक गाणं किंवा अल्बम पैसे मोजून घेतलेला असेल, तर ती विकतची गाणी. खरी मेहनत इथे करायची आहे. ईमेलमध्ये जुन्या पावत्या शोधा. आपण काय काय घेतलं होतं, हे बहुतेकांना पावत्या पाहिल्यावरच आठवतं.

पायरी २ : फाइलला कुलूप आहे का, ते बघा

सुरुवातीच्या काळात आयट्यून्सच्या गाण्यांना डीआरएम नावाचं कुलूप असायचं. अशी फाइल फक्त पाच संगणकांवर चाले. २००९ साली अ‍ॅपलने गाण्यांवरचं हे कुलूप काढलं. भारतात त्यांचं गाण्यांचं दुकान उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे त्यानंतर. त्यामुळे इथल्या खात्यावरून विकत घेतलेली गाणी बिनकुलपाची असतात. पण घरातलं कुणी २००९ च्या आधी अमेरिकेत असेल आणि तिथे गाणी घेतली असतील, तर त्या फाइली नीट तपासा.

संगणकावर गाण्याची माहिती उघडली की ‘फाइल’ या भागात तिचा प्रकार दिसतो. ‘पर्चेस्ड एएसी’ लिहिलं असेल तर फाइल मोकळी आहे. ‘प्रोटेक्टेड एएसी’ असेल तर कुलूपबंद. ‘अ‍ॅपल म्युझिक एएसी’ असेल तर ते भाड्याचंच. फाइलच्या नावाच्या शेवटी एम४ए किंवा एमपी३ असणं ही साधारण चांगली खूण, एम४पी म्हणजे कुलूप.

कुलूप तोडून देणारी सॉफ्टवेअर कुणी सुचवली तर हात लावू नका. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

पायरी ३ : गाणी घरी आणा

विकत घेतलेलं गाणं नुसतं अ‍ॅपमध्ये दिसतंय, यावर विसंबू नका. ‘फ्लाइट’ हे फ्लिपकार्टचं गाण्यांचं दुकान २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये बंदही झालं. गूगल प्ले म्युझिकने २०२० च्या अखेरीस गाशा गुंडाळला. ज्यांनी मुदतीत गाणी हलवली किंवा उतरवून घेतली, त्यांचीच राहिली.

प्रत्येक फाइल संगणकावर उतरवा. बँडकॅम्पवर फ्लॅक हा प्रकार मिळतो, तो घ्या. आवाजात काटछाट होत नाही. मग दोन प्रती करा. एक पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या जागी. फोल्डरला गायकाचं आणि अल्बमचं नाव मराठीतून द्या, म्हणजे आजीलाही सापडेल. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत पेनड्राइव्ह उघडून दोन-चार गाणी वाजवून बघा. कपाटात पडून पडून पेनड्राइव्हही खराब होतात.

पायरी ४ : घरात वाटून घ्या, पण कुंपण लक्षात ठेवून

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये ‘खासगी किंवा वैयक्तिक वापरा’साठी केलेल्या रास्त वापराला सूट आहे, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणीलाही. या कलमात ‘कुटुंब’ हा शब्द नाही. म्हणून मी स्वतः एक रेघ आखून घेतली आहे. एका छताखाली राहणाऱ्यांचे फोन, घरातला स्पीकर, गाडीतला पेनड्राइव्ह, इथपर्यंतच. ‘समस्त परिवार’ नावाच्या ऐंशी जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाणं टाकलं, की खासगी वापर संपला. शिवाय आयट्यून्सच्या फाइलमध्ये विकत घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल नोंदलेला असतो. फाइल फिरत कुठेही गेली तरी ती नोंद तिच्याबरोबर जाते.

दुकानाच्या नियमांत बसणारा रस्ता हवा असेल, तर अ‍ॅपलचं ‘फॅमिली शेअरिंग’ आहे. एकाने प्रमुख व्हायचं आणि आणखी पाच जणांना बोलवायचं. ‘पर्चेस शेअरिंग’ चालू केलं की एकमेकांची विकतची गाणी सगळ्यांना दिसतात. मात्र तेव्हापासून सगळ्यांच्या खरेदीचे पैसे प्रमुखाकडून जाऊ शकतात, हे त्याला आधी सांगा. दुसरी अट आपल्याकडच्या अनेक घरांना अडते: सगळ्यांची खाती एकाच देशातली लागतात. आईवडील पुण्यात आणि लेक न्यू जर्सीत असेल, तर हा रस्ता बंद. स्पॉटिफायची फॅमिली योजना असेल, तर तिथे सगळ्यांचा पत्ता एकच हवा. लग्न होऊन वेगळं बिऱ्हाड केलेल्या मुलीला त्यात धरता येत नाही.

जुनी गाणी तर सगळ्यांचीच, असं अनेकजण म्हणतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, हे खरं. पण शब्दांचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत राहील, ध्वनिमुद्रण कितीही जुनं असलं तरी.

पायरी ५ : मागे राहणाऱ्यांसाठी सोय

अ‍ॅपलने ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नावाची सोय केली आहे. नेमलेल्या माणसाला खातेदाराच्या पश्चात फोटो, चिठ्ठ्या, कागदपत्रं मिळतात. ती जरूर चालू करा. पण विकत घेतलेली गाणी त्यातून वगळली आहेत. म्हणून तिसरी पायरी टाळू नका. घरी उतरवलेली फाइल हाच काय तो आधार.

सिमकार्डाचं मी काळजावर दगड ठेवून सांगते. माणूस गेल्यावर बँका, विमा, ईमेल यांची सगळी कामं पूर्ण झाल्याशिवाय नंबर बंद करू नका. आणि एका कागदावर लिहून ठेवा: गाणी कुठल्या दुकानातून घेतली, पेनड्राइव्ह कुठे आहेत, दोन्हींवर काय काय आहे. तो कागद विम्याच्या पॉलिसीबरोबर ठेवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका.

आम्ही अण्णांची डायरी उघडून सासूबाईंच्या स्वतःच्या नावाने खातं काढलं. चाळीसेक गाणी मिळाली, ती पुन्हा घेतली आणि त्याच दिवशी उतरवून ठेवली. आता स्वयंपाकघरातल्या स्पीकरला पेनड्राइव्ह लावलेला असतो. पहिलं गाणं कुठलं ठेवायचं, ते त्यांनी डायरीच्या पहिल्या पानावर बघून सांगितलं.