नागासाकीत जहाज एकच दिवस थांबणार? या चुका टाळा

क्रूझ मात्सुगाए धक्क्याला लागली की जवळच टेकडीवर ग्लोव्हर गार्डन आणि ओउरा चर्च. उतरल्या उतरल्या बहुतेक जण तिकडेच चालू लागतात आणि दिवसाचं गणित तिथेच बिघडतं. हाकेच्या अंतरावरचं शेवटी ठेवा. सकाळी ट्राम पकडून आधी उत्तरेला, उराकामी भागात जा.

तिथलं अणुबॉम्ब संग्रहालय अर्ध्या तासात उरकायचं ठिकाण नाही. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. त्याच वेळेवर थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ तिथे आहे. एका मुलीचा जेवणाचा डबा आहे, आतला भात जळून कोळसा झालेला. घरी रोज डबे भरणाऱ्या माणसाचे पाय तिथून लवकर निघत नाहीत. दोन तास हाताशी ठेवाच. शांती उद्यानातल्या पुतळ्यासारखा हात वर करून फोटो मात्र काढू नका. तो उजवा हात आकाशातून आलेल्या अणुबॉम्बकडे बोट दाखवतो.

ट्रामची गफलत सगळ्यांचीच होते. ओउरा तेन्शुदो थांब्यावरून हिरवी ५ नंबर घ्या, शिंची चायनाटाउनला उतरून निळी १ नंबर. रोख पैसे देणार असाल तर उतरताना चालकाकडून बदलीची चिठ्ठी मागा, नाहीतर पुन्हा भाडं पडतं. चढायचं मागच्या दाराने, पैसे भरायचे पुढच्या दाराने उतरताना. पेटीत टाकलेल्या पैशांतून सुटे परत मिळत नाहीत, म्हणून हजार येनची नोट आधी ट्राममधल्या यंत्रात मोडून घ्या. परतीला नागासाकी स्टेशनपर्यंत १ किंवा लाल ३, कुठलीही चालते. तिथून पुढे फक्त १. चुकून ३ मध्येच बसून राहिलात तर गाडी भलतीकडे वळते. लगेच उतरा आणि उलट दिशेने स्टेशनला या.

आणि स्टेशनला उतरून निशिझाका टेकडी न पाहता पुढे जाणं, ही मला सगळ्यांत मोठी चूक वाटते. चालत काही मिनिटांवर आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इथे २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून मारलं. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. इथे ब्राँझमधल्या २६ जणांच्या रांगेसमोर उभं राहिलं, की वसईपासून इतक्या लांब आलेल्या त्या माणसासाठी मन भरून येतं.

जेवणात शाकाहारी मंडळींनी चॅम्पॉन नूडल्सपासून दूर राहावं. वरचं मांस-मासळी काढून टाकली तरी रस्सा हाडांचाच असतो. कास्टेला केकमध्ये अंडं असतं. सोबत दशम्या, चटणी असलेली बरी. दुकानात पाव मात्र ‘पान’ म्हणून मागा. आपला पाव आणि त्यांचा पान, दोन्ही शब्द पोर्तुगीजांनीच दिलेले.

देजिमा, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांना ठेवण्यासाठी केलेलं कृत्रिम बेट, शोधत समुद्राकडे जाऊ नका. १६३६ मध्ये बांधलेल्या या बेटाभोवती भराव पडून ते आता शहराच्या पोटात आलं आहे. तासभर पुरे.

परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने सांगितलेली असते. ते आणि जपानची वेळ जुळते का, हे उतरतानाच विचारून घ्या. मग शेवटचा तास ओउरा चर्चला द्या. धक्का जवळच, त्यामुळे धावपळ नाही. हे चर्च त्याच २६ जणांच्या नावाने उभं आहे आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे आहे.